दवंडी परत घ्या

वाडीची शाळा, खोली दुसरी
२६ सप्टेंबर १९९४

ताई,
जयभीम.

कागदाला धुराचा वास येईल. घाबरू नकोस, चुलीत पडलेला नाही. शेळगावहून बारामतीला दूध नेणारा सिद्धू ड्रायव्हर पत्र पोचवायला तयार झाला, पण त्याची अट अशी की आधी कागद कडुलिंबाच्या पाल्यावर शेकायचा, मग तो पकडीनं धरून गाडीत ठेवणार. तरी पोस्टमनपेक्षा बरा. पोस्टमन शाळा दिसली की सायकल वळवतो.

तर मी सुरतेहून आलोय. मी आणि गेणबा तात्यांचा युवराज. कॉलेज सोडून ऑगस्टात तुला न सांगता गेलो, त्याबद्दल तू जे बोलणार आहेस ते मी मनातल्या मनात तुझ्याच आवाजात ऐकून घेतलंय, तेवढी शाई वाचव. कापड कारखान्यात लूमवर होतो. तिथं एवढा खडखडाट की शेजारच्याला हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून. साखरझोपेतसुद्धा ओरडून बोलतो मी आता. तिथला एक उडिया पोरगा नुसत्या ओठांवरून गाणं ओळखायचा. त्याचं काय झालं कोण जाणे. प्लेग आला म्हटल्यावर गल्ली बघता बघता रिकामी झाली आणि जो तो मिळेल त्या गाडीला लटकला.

आम्ही ट्रकमधल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून पुण्यापर्यंत आलो, तिथून एसटी. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठनं आला रं पोरांनो?" युवराज म्हणाला, नाशिकहून. मी म्हणालो, सुरतेहून. अर्धी गाडी मागं सरकली. आम्हाला पाय पसरून बसता आलं. बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर पाय तुझ्या हॉस्टेलकडं वळले होते. मग म्हटलं नको, आपल्या अंगात काय घेऊन आलोय कुणाला माहीत.

वाडीत शिरायच्या आधीच मी सांगून टाकलं. इंदापूरहून डॉक्टर आले. ताप नाही, खोकला नाही, तरी आठवडाभर दोघांनी अलग राहायचं, कॅप्सूल खायच्या. क्वारंटाईन म्हणाले. मला शब्द आवडला, लांबच्या कुठल्या रेल्वे स्टेशनचं नाव असावं तसा. पोरांना सुट्टी देऊन आम्हाला शाळेत टाकलं.

काल गंमत झाली. युवराजची आई बनाबाई पाणी घेऊन आली. ओट्यावर उभी राहून तिनं वरून धार धरली, आम्ही खाली ओंजळ करून. युवराजचा चेहरा बघायला तू पाहिजे होतीस. "आये, मला वरनं पाणी?" त्याच्या निम्मं नाकात, निम्मं सदऱ्यावर. आपले आबा भाकरी घेऊन कुंपणाशी उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "मान आजून वर कर, लेकरा. सवय नसली का नाकात जातं." आज येताना बनाबाई दोन तांबे घेऊन आली.

आई-दादांना भवानीनगरला कळवू नकोस. कारखान्याची सफाई चालू असेल, दादा सुट्टी टाकून येतील आणि आई रडत येईल.

आणि खरं सांगू? दाराला कडी नाही. कालव्याच्या कडेकडेनं गेलं की भिगवण, भिगवणला रेल्वे. सारखं मनात येतं.

तुझा,
बुद्धघोष


बारामती
२८ सप्टेंबर

बुद्धघोष,
जयभीम.

शाई वाचवत नाही. तुला बोलायचं ते भेटल्यावर, समोरासमोर, कान धरून. बारामतीत उतरून माझ्याकडे आला नाहीस, ही तुझ्या आयुष्यातली पहिली शहाणपणाची गोष्ट.

आता नीट वाच. पळायचं नाही. आजपर्यंत तू पळालास तेव्हा एक पोरगं पळालं. आता पळालास तर तसं कुणी म्हणणार नाही. भीमनगरनं प्लेग पसरवला म्हणतील. उद्या वाडीत कुणाला साधा ताप आला तरी बोट आपल्या घरांकडे जाईल. तू त्या खोलीत डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस बसलास, तर त्यांच्याकडे बोलायला तोंड राहत नाही. बसून राहणं हेच सध्या तुझं काम. तुला ते जड जाईल हे मला माहीत आहे, म्हणून तर सांगते.

सुटल्यावर परीक्षेला ये. हजेरीचं मी सरांशी बोलले आहे, त्यांचं मला ओरडून झालंय, आता तुला ओरडतील.

माझं ठीक. खोलीत सध्या मी एकटीच आहे, अभ्यासाला शांतता मिळते. आबांना सांभाळ. म्हणजे त्यांना सांग, तुला सांभाळायला.

करुणा


वाडीची शाळा
२९ सप्टेंबर

ताई,

मजा आहे तुझी, एकटीला अख्खी खोली. मलाही आता एकट्यालाच आहे. काल दुपारी तात्या जीप घेऊन आले. गावचे सरपंच ते, डॉक्टरांना कशाला विचारतील? म्हणाले, "युवराज, चल. आपल्या घराला येगळी खोली हाय." मी म्हटलं, "तात्या, घर आम्हालाबी हाय." म्हणाले, "तुझी गोष्ट येगळी." युवराज गादी गुंडाळताना माझ्याकडं बघत नव्हता. त्याचा कंगवा राहिलाय माझ्याकडं. देणार नाही.

पण खरं सांगायचं ते पुढंच. गावात उंदीर पडायला लागलेत. देवळामागं, चक्कीपाशी, तात्यांच्या गोठ्यात. शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली ओल असते ना, तिथं तर सकाळी उठलं की दोन-तीन असतातच. पाणी शोधत येतात आणि तिथंच आडवे होतात. पहिल्या दिवशी मी काठीनं ढकलायला गेलो, तोंडाला रुमाल होता तरी नाकात लसणाचा वास शिरला. म्हटलं, आयला, हा कुणाच्या फोडणीत पडून आला? सुरतेत एक म्हातारा लसणाच्या चटणीचा पाव विकायचा, भूकच लागली. मग त्या भुकेची किळस आली. उंदरांना मी आता खड्ड्यात पुरतो, वर चुना टाकतो. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय.

गावाला वास-बीस काही कळलं नाही. गावाला एकच कळलं: पोरं सुरतेहून आली आणि उंदीर पडले. त्यातून आपल्या भीमनगरात एकही उंदीर मेला नाही. त्याचाही गुन्हाच झाला. म्हणतात, "ह्यांचं उंदीर कसं मरत न्हायती? कायतरी केलंय ह्यांनी."

आणि काल दवंडी झाली. पंचायतीचा शिपाई जोतीराम सायकलला भोंगा बांधून सगळ्या आळ्यांतून फिरला. भीमनगरच्या लोकांनी चौकातल्या नळावर, चक्कीवर, दुकानात यायचं नाही. आणि रविवारी, गांधी जयंतीच्या ग्रामसभेत ठराव होणार, की भीमनगरनं घरं सोडून गायरानात पालं ठोकावीत. लेकराबाळांसकट. दिवाळीपर्यंत म्हणतात. आबा म्हणाले, "माझ्या बापाच्या वक्ताला पलेग आला तवा अख्खा गाव रानात गेला हुता. गाव गेला तर आमीबी जाऊ. आमी एकल्यानं का म्हणून?"

ताई, एकदा बाहेर काढलं तर घरांवर कोण हात टाकेल सांगता येतं का? दारं काय, पत्रे काय. मी इथं बसून कॅप्सूल गिळतोय. तू म्हणालीस बसून राहा. बसलोय. पण बूड भाजतंय.

बुद्धघोष


बारामती
३० सप्टेंबर

बुद्धघोष,

सिद्धू गाडी चालू ठेवून थांबलाय, म्हणून थोडक्यात.

लसणाचा वास! गाढवा, एवढी मोठी गोष्ट तू पाव-चटणीत गुंडाळून पाठवलीस. प्लेगनं मेलेल्या उंदराला लसणाचा वास कशाला येईल? तो झिंक फॉस्फाईडचा वास. काळी पूड असते, उंदराचं औषध म्हणून मिळते. आमच्या प्रयोगशाळेत बाटली आहे, बूच काढलं की सगळ्या पोरी लसूण लसूण करत खिडकीकडे पळतात. ती खाल्ली की उंदीर पाण्याकडे धावतो.

मी काल संध्याकाळी बाजारात शेतीच्या औषधांच्या दुकानात जाऊन आले. हॉस्टेलसाठी हवंय म्हटलं, ओळखीला गावाचं नाव घेतलं. दुकानदार म्हणाला, "संपलं, मॅडम. तुमच्याच वाडीकडची माणसं नेत होती. एकेकटी येतात, पुडी पिशवीत तळाला घालतात, वर भाजी ठेवतात." लपवून का, ते मला आधी कळेना. मग आठवलं, इकडे आरोग्य खात्याची जीप रोज ओरडत फिरते, तुमच्याकडेही आली असेल: "सध्या औषध घालून उंदीर मारू नका, आधी पिसवांची पावडर मारून घ्या. उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसावर येतात."

म्हणजे बघ काय झालंय. प्लेगच्या भीतीनं प्रत्येकानं गुपचूप औषध टाकलं. आपण एकट्यानंच टाकलं असं प्रत्येकाला वाटतंय. आणि आता सगळ्यांचे उंदीर एकदम मेल्यावर सगळेच म्हणतात, प्लेग आला. भीमनगरात कोंबड्या आणि पोरं सारखी अंगणात, तिथं कोण विष टाकेल? म्हणून आपले उंदीर जिवंत.

रविवारी बोल. सगळ्यांसमोर बोल. पण पाय शाळेबाहेर पडता कामा नये, नाहीतर तेवढंच धरून बसतील.

खोलीचं सोड. माझं ठीक आहे.

करुणा


वाडीची शाळा
२ ऑक्टोबर, दिवेलागण

ताई,

घसा गेलाय. लिहितोय म्हणून बरं.

दरवर्षी सभा शाळेच्या पटांगणात होते, यंदा माझ्या भीतीनं पलीकडं पिंपळाखाली घेतली. गांधींचा फोटो खुर्चीवर, खुर्चीचा एक पाय आखूड, फोटो सारखा कलायचा आणि एक जण नुसता तो सरळ करायला बसवलेला. मी खिडकीतून बघत होतो. आपली माणसं एका बाजूला उभी, आबा पुढं. तात्यांनी ठराव वाचायला घेतला, "गावाच्या आरोग्याच्या दृष्टीनं..."

मी खिडकीतून चढून शाळेच्या पत्र्यावर गेलो. छप्पर शाळेचंच की नाही? पाय बाहेर पडला नाही. पत्र्यावर दोनदा टाच आपटली. ढगात कुणी पिंप लोटल्यासारखा आवाज झाला. सगळी सभा वर बघायला लागली. तात्या म्हणाले, "ए, खाली उतर!"

मी म्हटलं, "तात्या, उतरलो तर तुमच्यात यावं लागंल. चालंल का?"

काही जण हसले. मग मी लूमवरचा आवाज लावला. सुरतेतली ती एकच कमाई. म्हटलं, "गावात किती जणांनी उंदराचं औषध टाकलंय? हात वर करा."

एक हात नाही. सगळे एकमेकांच्या पायांकडं बघायला लागले. तात्या म्हणाले, "औषध टाकायला बंदी हाय. जीपवाल्यांनी सांगितलंय. कोण टाकंल?"

मी म्हटलं, "मग उंदरांना लसणाचा वास का येतोय? काळ्या पुडीचा वास हाय तो. बारामतीच्या दुकानात पुडी संपलीय, आणि आपल्याच वाडीनं संपवलीय. कुणी कुणी नेली ते दुकानदार सांगतोय, वाटलं तर बोलावू." शेवटचं मी पदरचं घातलं. माफ कर.

तात्यांनी पुन्हा कागद उचलला. तेवढ्यात बायकांतून बनाबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "टाकलंय आमी. पिठात गूळ कालवून, त्येचं लाडू करून. गोठ्यात टाकलं, उसात टाकलं. माझी दोन कोंबडीबी मेली त्येनं. लाजायचं काय त्यात?"

तात्या म्हणाले, "तू खाली बस."

"बसते की. पर ह्येंच्या लेकरांना रानात घालू नगा. उंदीर आपल्या लाडवानं मेलंत."

मग मागून कुशाबाई म्हणाली, "आमीबी टाकलं. चक्कीमागं." मग सर्जेराव, "आता निघालंच हाय तर, आमीबी." मग जी रांग लागली म्हणतेस! एका म्हाताऱ्यानं तर आपण तीन पुड्या टाकल्या असं फुशारकीनं सांगितलं. एकानं देवळाच्या ओट्याखाली टाकलं होतं, ते ऐकून पुजारी भडकला. अर्धी सभा हसत होती, अर्धी एकमेकांना शिव्या देत होती. गांधी पुन्हा कलले.

ठराव बारगळला. पण तात्या तात्याच. कागद खिशात घालत भीमनगरच्या लोकांना म्हणाले, "बरं. झालं गेलं जाऊ द्या. उद्यापासनं या नळावर."

लोक निघालेच होते. आबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "तात्या, बंद दवंडीनं केलं. उघडायचं कानात व्हय?"

"आता सांगितलं की सभेत."

"सभेला गावातली निम्मी मान्सं न्हायती. दवंडी शेळगावच्या रस्त्यापातूर गेली. पै-पाव्हण्यांनी ऐकली. त्यांना कसं कळायचं, उंदीर कशानं मेलं? दवंडी परत घ्या. खरं काय झालं त्ये सांगून परत घ्या. तंवर भीमनगर नळावर यायचं न्हाय. आमी कालव्याचं पाणी आणू."

आणि गेले. बायका डोक्यावर हंडे घेऊन मैलभर कालव्याला जातायत, ताई. नळ चालू आहे आणि कुणी जात नाही. पोरंसुद्धा नाही.

एक-दोन दिवसांत डॉक्टर मला मोकळं करतील. सिद्धूनं सांगितलं, तुझ्या खोलीतल्या पोरींनी खाटा हलवल्या आणि तू व्हरांड्यात जेवतेस. माझ्या पत्रांच्या धुरामुळं. आणि मी लिहिलं, मजा आहे तुझी. का नाही सांगितलंस?

बुद्धघोष


बारामती
४ ऑक्टोबर

बुद्धघोष,

सांगितलं असतं तर तू पळत इकडे आला असतास, आणि तू पळायला नको होतास. एवढंच कारण.

पोरींनी खाटा हलवल्या हे खरं. रेक्टरबाईंनी ताट वेगळं दिलं हेही खरं. शनिवारी म्हणाल्या, काही दिवस गावी जाऊन ये, म्हणजे इतरांना बरं वाटेल. मी म्हटलं, "बाई, भावाला मी राखीनंतर पाहिलेलं नाही. कागदानं प्लेग येत असेल तर आधी पोस्ट ऑफिस बंद करा, मग मी जाते." गावी पाठवायचं राहिलं, पण ताट अजून वेगळंच आहे. व्हरांड्यात जेवते. मुद्दाम पायरीच्या मधोमध बसते, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला वळसा घालावा लागतो.

आबांचं ऐकून मी व्हरांड्यात एकटीच हसले. छप्पन सालापर्यंत गावाची दवंडी आबाच द्यायचे, हे तुला माहीत आहे का? धर्म बदलला त्या वर्षी त्यांनी ते काम टाकलं. दवंडीचं वजन त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

तू मोकळा झाला असशील. कुठे आहेस? घरी, की निघालास कुठे?

करुणा


वाडीची शाळा
६ ऑक्टोबर

ताई,

कुठंही गेलो नाही. शाळेतच आहे.

परवा सकाळी डॉक्टर आले, छाती तपासली, जा म्हणाले. मी म्हटलं, जात नाही. त्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. सांगितलं, "तुमचं क्वारंटाईन संपलं, साहेब. आता माझं चालू झालंय. दवंडी परत घेईपर्यंत मी हितंच." डॉक्टर मिशीत हसले. जाताना तात्यांना मात्र सुनावून गेले, "औषध टाकू नका म्हणून सांगितलं होतं ना? आणि तुमचा मुलगा कुणाला विचारून घरी नेलात?"

आता शाळा उघडायला पाहिजे, मास्तर दारात येऊन उभे, गावातल्या आया पोरांना घेऊन उभ्या, आणि आत मी. मास्तरांना म्हटलं, पोरांना आत घ्या, मी कोपऱ्यात बसतो, पाढे मलाही येत नाहीत. कुणी आत येईना. दुपारी युवराज आला. घरातून गादी उचलून सरळ. म्हणाला, "माझा कंगवा दे." मी म्हटलं, "बसणार असशील तर देतो." बसला. सरपंचाचा पोरगा शाळेत बसला म्हटल्यावर गावात कुजबुज चालू झाली.

काल तात्यांनी निरोप पाठवला, दवंडी देतो, पण "पाणी खुलं केलंय" एवढंच म्हणतो. आबांनी निरोप परत पाठवला, "पाणी खुलं करायला तुमच्या घरचं हाय व्हय? कशानं बंद केलं त्ये बोला."

आज तात्यांनी जोतीरामला कागद लिहून दिला. जोतीराम म्हणाला, "तात्या, ह्ये मी कसं बोंबलू? माझ्याबी घरी पुडी हुती. लोकं दगड मारतील." तेव्हा तात्या शाळेपाशी आले, आबांना तिथंच बोलावलं आणि म्हणाले, "रामभाऊ, तुमी द्या की. तुमचा आवाज खणखणीत. पयल्यापासनं तुमचंच काम त्ये."

ताई, आबांचं वय बघ आणि त्यांचं उभं राहणं बघ. काठीसुद्धा टेकली नाही. म्हणाले, "त्ये काम मी छप्पन सालीच टाकलं, तात्या. ज्येनं बंद केलं त्येनं बोंबलावं."

बनाबाई मागं उभी होती. ती म्हणाली, "बोला की. लाडू काय मी एकटीनं वळलं?"

तात्यांनी जोतीरामच्या हातातून भोंगा घेतला. सायकल जोतीरामनं धरली. निघाले चौकाकडं. भीमनगर सगळं मागं, बायका डोक्यावर रिकामे हंडे घेऊन. मी आणि युवराज शाळेच्या पत्र्यावर.

तात्या चौकात थांबले. भोंग्यात पहिल्यांदा नुसतं खाकरले. मग बोलले, पण असं, की जणू भोंग्याच्या कानात सांगतायत. "भीमनगरच्या... उंदीर जे... ते आमच्या..."

आबा म्हणाले, "ऐकू आलं न्हाय, तात्या. परत."

तात्या लाल झाले. पुन्हा बोलले. मागून आपली पोरं ओरडली, "मोठ्यानं!"

आबांनी हात वर करून पोरांना गप्प केलं. पण स्वतः म्हणाले, "रस्त्यापातूर गेलं पायजे."

तिसऱ्यांदा तात्यांनी डोळे मिटले आणि दिला आवाज. "ऐका हो ऐका! गावात उंदीर मेले ते प्लेगानं न्हाय. आमी टाकलेल्या औषधानं मेले. भीमनगरचा त्यात काय संबंध न्हाय. नळ बंद केला ती पंचायतीची चूक!"

शब्दन् शब्द पत्र्यावर आम्हाला ऐकू आला. शेळगावच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद करून मागं वळून बघितलं.

मग पहिला हंडा नळाखाली लागला. मी पत्र्यावरून उतरलो, शाळा झाडून काढली, मास्तरांच्या ताब्यात दिली.

सोमवारी परीक्षेला येतोय, दुपारच्या गाडीनं. आधी तुझ्या हॉस्टेलवर येईन. पायरीच्या मधोमध दोघं जेवायला बसू. आबा पण येतो म्हणतायत.

तुमच्या रेक्टरबाईंकडं भोंगा आहे का, विचारून ठेव. नसला तर जोतीरामचा मागून घेऊन येतो.

बुद्धघोष